लहान मुलांचं ऑपरेशन: बीटी-सीटी जागेवर करायची की पीटी-एपीटीटी बेळगावला पाठवायची?

खानापूर_ओटी

खानापूर तालुक्यातलं लहान हॉस्पिटल आहे. दर शनिवारी बेळगावहून कान-नाक-घशाचे सर्जन येतात. टॉन्सिल-ॲडेनॉइडच्या दोन-तीन केस असतात, अधूनमधून हर्निया आणि सुंता. ऑपरेशनआधी प्रत्येक मुलाची बीटी-सीटी (रक्त थांबायला आणि गोठायला लागणारा वेळ) इथेच होते: बोटाला लॅन्सेट, टिपकागद, केशनळी. भूलतज्ज्ञ नवीन आले आहेत. ते म्हणतात, बीटी-सीटीचा कागद दाखवू नका, लागलीच तर पीटी-एपीटीटी (प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा द्रव, गोठायला किती सेकंद लागतात ते बघणाऱ्या लॅबच्या दोन तपासण्या) करा, नाहीतर काहीच करू नका.

आता अडलंय ते असं. मुलगा ५ वर्षांचा, १६ किलो, टॉन्सिल. बीटी २ मिनिटं, सीटी ४ मिनिटं ३० सेकंद. पीटी १३ सेकंद, कंट्रोल (तुलनेसाठीचा नॉर्मल प्लाझ्मा) १२.५. एपीटीटी मात्र ४७, कंट्रोल ३१. म्हणजे जागेवरची तपासणी म्हणते सगळं ठीक, लॅब म्हणते गडबड आहे. खरं कोणाचं मानायचं?

दुसरं म्हणजे, एक एजंट बोटाच्या थेंबावर चालणारं छोटं आयएनआर (पीटीचाच प्रमाणित आकडा) मशीन घेऊन मागे लागलाय. मिनिटाभरात रिझल्ट, बेळगावला नमुना पाठवायची गरजच नाही म्हणतो. घ्यावं का?

---

निळं_झाकण (लॅब टेक्नॉलॉजिस्ट)

खरं कोणाचं ते नंतर बघू. आधी सांगा, नमुना कसा गेला? ट्यूब खुणेपर्यंत भरली होती का, बर्फावर ठेवली होती का, काढल्यापासून किती तासांनी लॅबला पोचली? एकटा एपीटीटी वाढलेला दिसला की आधी ट्यूबवर संशय घ्यायचा, मुलावर नंतर.

निळ्या झाकणाच्या ३ मिलीच्या ट्यूबमध्ये ३.२ टक्क्यांचं ०.३ मिली सोडियम सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं आणि त्यात २.७ मिली रक्त यायला हवं. प्रमाण ९ ला १. मूल रडतं, शीर सापडत नाही, दीड मिलीवर समाधान मानलं जातं. मग ९ ला १ चं ५ ला १ होतं. जास्तीचं सायट्रेट लॅबमध्ये गोठणं सुरू करायला घातलेलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि एपीटीटी लांबतो. पीटीवर त्याचा परिणाम कमी, त्यामुळे ‘पीटी नॉर्मल, एपीटीटी वाढलेला’ हे चित्र नेमकं अर्धवट भरलेल्या ट्यूबमधूनही तयार होतं. मुलांसाठी १.८ मिली रक्ताची छोटी ट्यूब मिळते, तीच मागवून ठेवा.

बटरफ्लाय सुईने काढत असाल तर नळीतली हवा आधी ट्यूबमध्ये शिरते आणि तेवढं रक्त कमी पडतं. म्हणून आधी एक ट्यूब थोडी भरून टाकून द्यायची, मग निळी लावायची. जांभळ्या झाकणाची कधीही निळीच्या आधी नको. त्यातल्या ईडीटीएचा (तेही रक्त गोठू न देणारं रसायन) अंश आत गेला की रिपोर्ट बिघडलाच. सिरिंजने काढलं असेल तर सुई काढून ट्यूबच्या भिंतीवरून हळूच सोडायचं, दट्ट्या जोरात दाबायचा नाही. मग ट्यूब तीन-चार वेळा अलगद उलटी-सुलटी. घुसळायची नाही आणि नुसती उभीही ठेवायची नाही. तळाशी भाताच्या शितासारखी गुठळी बसलेली असली तरी मशीन आकडा देतंच, आणि तो आकडा कचरा असतो. झाकण उघडल्यावर लाकडी काडी फिरवून बघणं हे लॅबचं काम.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे बर्फ. नमुना लांब जायचा म्हणून लोक थर्मासात आईसपॅक घालतात. रक्त गोठण्याच्या तपासणीचं रक्त थंड करायचं नसतं. थंडीने फॅक्टर ७ (फॅक्टर म्हणजे रक्त गोठवणारी, क्रमांक दिलेली प्रथिनं) आपोआप जागा होतो, फॉन विलेब्रँड (प्लेटलेट चिकटवणारं प्रथिन) आणि फॅक्टर ८ कमी होतात. म्हणजे नसलेला आजार कागदावर येतो. नमुना १८ ते २४ अंशाला राहायला हवा. एप्रिलमधल्या बसच्या बोनेटवरही नको. पीटी २४ तासांपर्यंत चालतो, एपीटीटी ४ तासांच्या आत व्हायला हवा.

---

भूल_निपाणी (भूलतज्ज्ञ)

तुमच्या नवीन भूलतज्ज्ञांशी मी सहमत आहे, फक्त ‘काहीच करू नका’ याच्या आधी एक पायरी आहे. विचारणं. नीट, दहा मिनिटं बसून.

सीटी का टाकाऊ, ते आधी. रक्त घट्ट झालेलं डोळ्याला दिसायला एकूण थ्रॉम्बिनच्या (गुठळी बनवणारं एन्झाइम) पाचेक टक्केच पुरतं. त्यामुळे फॅक्टर ८ एक-दोन टक्क्यांच्या खाली जाईपर्यंत सीटी लांबतच नाही. सौम्य हिमोफिलिया (फॅक्टर ८ किंवा ९ कमी असण्याचा आजार) म्हणजे ५ ते ४० टक्के. असं मूल सीटीत सहज पास होतं आणि टॉन्सिल काढल्यावर वाहायला लागतं. त्यात बोट दाबून काढलेल्या थेंबात ऊतींचा रस मिसळतो, तो रक्त आणखी लवकर गोठवतो. म्हणजे ही तपासणी चुकते तीही धोक्याच्याच बाजूला. बीटीचं वेगळं: लॅन्सेट किती खोल गेलं, मूल किती हललं, टिपकागद जखमेला किती घासला, यावर मिनिट इकडचं तिकडं होतं. ऑपरेशनआधी सरसकट बीटी करू नये, हे अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या कॉलेजने १९९८ सालीच लिहिलंय. २००८ च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचना त्याही पुढे जातात. रक्तस्रावाचा इतिहास नसेल तर पीटी-एपीटीटीसुद्धा सरसकट करू नका, म्हणतात.

आता विचारायचं काय. ‘रक्ताचा काही त्रास आहे का?’ या प्रश्नाला आई नाहीच म्हणणार. असं विचारा: घोळणा फुटतो का, फुटला तर दहा मिनिटं नाक दाबूनही राहतं का, एकाच नाकपुडीतून की दोन्हीतून? बाळाची नाळ पडताना रक्त येत राहिलं होतं का? कान टोचले तेव्हा दुसऱ्या दिवशीपर्यंत झिरपत होतं का? लस दिली तिथे गाठ आली का? दात पडल्यावर उशीला रक्त लागलं का? सुंता झाली असेल तर टाका घालावा लागला का? निळे डाग नडगीवर असतील तर चालतं, त्या वयात नडगी फुटतेच. पाठीवर, पोटावर, दंडावर असतील तर थांबा. आईलाही तिच्या पाळीबद्दल आणि बाळंतपणाबद्दल विचारा. ती लाजते, म्हणून सिस्टरने विचारलेलं बरं. कन्नड बोलणारी असेल तर ‘मूगिनिंद रक्त बर्तैतेन्री?’ एवढं तरी पाठ असावं. नुसती मान हलवून घेतलेली संमती आणि नुसती मान हलवून घेतलेला इतिहास, दोन्ही सारखेच.

मग घराणं. हिमोफिलिया आईकडून येतो, तेव्हा मुलाचे मामा आणि मावशीची मुलं विचारायची, काका नव्हे. घरात कोणी नाही म्हणून सुटका नाही, साधारण एक तृतीयांश केस नव्याने उपजलेल्या असतात. आणि आपल्या भागात एक प्रश्न हमखास: आई-वडील नात्यातले आहेत का? मामालाच दिलेली, आत्तेभावाशी लग्न झालेलं, हे सीमाभागात दोन्ही भाषांच्या घरांत आहे. अशा घरांतून ग्लँझमान (प्लेटलेट एकमेकांना न चिकटण्याचा आजार), फॅक्टर १३ ची कमतरता, तिसऱ्या प्रकारचा फॉन विलेब्रँड, असे एरवी क्वचित दिसणारे आजार येतात. यातल्या पहिल्या दोघांत पीटी आणि एपीटीटी दोन्ही नॉर्मल असतात! म्हणजे लॅबचा चोख रिपोर्टही तिथे फसवतो. नाळेतून रक्त आल्याचा इतिहास असेल तर फॅक्टर १३ साठी युरियात गुठळी विरघळते का ही तपासणी मुद्दाम सांगून करून घ्यावी लागते.

फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर तेही लिहा. त्याने प्लेटलेट, फायब्रिनोजेन (ज्याची गुठळी बनते ते प्रथिन) आणि फॉन विलेब्रँड तिन्ही कमी होऊ शकतात.

आयएनआर मशीनबद्दल एका वाक्यात: ते वॉरफरिन (रक्त पातळ करायची गोळी) घेणाऱ्या पेशंटसाठी बनवलंय आणि फक्त पीटीची बाजू बघतं, त्यामुळे हिमोफिलियाचं मूल त्यावर अगदी सुंदर १.० दाखवेल.

---

चिकोडी_जीपी

डॉक्टरसाहेब, पटलं. पण बीटी-सीटीचा कागद फाईलला लावला नाही तर उद्या केस झाल्यावर पहिला प्रश्न तोच येतो, ‘साधी बीटी-सीटीपण केली नव्हती?’ विम्याचं फाईल तपासणारेही तेच मागतात. शिवाय जागेवरच्या तपासण्या सगळ्याच वाईट असं लिहू नका. घोणस किंवा फुरसं चावलेल्या पोराला वीस मिनिटांची काचनळीची तपासणीच वाचवते. बेळगावच्या रिपोर्टची वाट बघत बसलो तर पोर हातचं जाईल.

---

भूल_निपाणी

@चिकोडी_जीपी, वीस मिनिटांच्या तपासणीला माझा पूर्ण सलाम. पण तिथे प्रश्नच वेगळा आहे. विषाने फायब्रिनोजेन जवळजवळ संपलंय का, एवढंच विचारायचं असतं. उत्तर हो किंवा नाही. तेवढं ती नळी छान सांगते. सौम्य हिमोफिलिया तिला विचाराल तर ती गप्प बसेल.

तीही नीट केली तरच. २ मिली शिरेतलं रक्त, नवी, कोरडी, काचेची नळी. उभी ठेवायची, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरपी करायची. वाहिलं तर विषबाधा. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही, कारण गोठण्याची सुरुवात काचेच्या पृष्ठभागाने होते आणि साबणाने तोच मरतो. मधेमधे उचलून ‘झालं का’ बघणाऱ्या उत्साही वॉर्डबॉयला लांब ठेवा.

फाईलचं म्हणाल तर रक्तस्रावाच्या प्रश्नांची छापील पानभर यादी, उत्तरं लिहून, आईची सही किंवा अंगठा घेऊन लावा. कोर्टात तो कागद बीटी-सीटीपेक्षा बोलका ठरेल असं माझं मत. मत आहे, वकील नाही मी.

---

पंपावरची (परफ्युजनिस्ट, हृदयाच्या ऑपरेशनमध्ये रक्त फिरवणारा पंप चालवणारी)

मोठ्या हॉस्पिटलातल्या जागेवरच्या तपासण्यांबद्दल लिहिते, कारण ‘बेडसाइड’ म्हटलं की लोक बीटी-सीटी, आयएनआर मशीन आणि आमची यंत्रं एकाच टोपलीत टाकतात.

एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ जागेवर मोजणारी तपासणी): हृदयाच्या ऑपरेशनमध्ये हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) पुरेसं आहे का ते बघायला. नेहमीचा आकडा साधारण ८० ते १२० सेकंद असतो, पंपावर जाण्याआधी ४८० च्या वर न्यायचा ही सर्वसाधारण रीत. हेपरिन किलोला ३०० ते ४०० युनिट. मुलांत अडचण अशी की पंपाच्या पाण्याने लहान जिवाचं रक्त पार पातळ होतं, अंग थंड केलेलं असतं, प्लेटलेट उतरलेल्या असतात. या तिन्हींनी एसीटी लांबतो, हेपरिन कमी झालं असलं तरी. ५०० दिसलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. आणि हा आकडा ऑपरेशनआधी ‘याला रक्तस्राव होईल का’ हे सांगायला निरुपयोगी आहे.

टीईजी आणि रोटेम: कपात थोडं रक्त (टीईजीला ०.३६ मिली, रोटेमला ०.३ मिली), त्यात दांडी, आणि गुठळी धरते कशी, किती घट्ट होते, विरघळते का, याचा आलेख. कवटीची हाडं लवकर जुळलेल्या बाळाचं ऑपरेशन, कण्याचा बाक, मोठं हृदयाचं काम, जिथे रक्त चालू ऑपरेशनमध्ये वाहतंय तिथे याला तोड नाही. लॅबचा पीटी-फायब्रिनोजेन यायला पाऊण ते एक तास. तोवर दहा किलोच्या मुलाचं अर्धं रक्त बदललेलं असतं. त्याच्या अंगात एकूण असतं किती, तर ७५०-८०० मिली. रोटेमच्या फिबटेममध्ये (फक्त फायब्रिनोजेनची गुठळी दाखवणारी तपासणी) आलेखाची दहाव्या मिनिटाची उंची ७-८ मिमीच्या खाली दिसली की फायब्रिनोजेन कमी आहे हे कळतं. मग क्रायो (फायब्रिनोजेन भरपूर असलेला रक्तघटक) द्यायचं, उगाच प्लाझ्माच्या पिशव्या रिकाम्या करायच्या नाहीत. इनटेम लांब आणि हेपटेम (तीच तपासणी, हेपरिन निष्प्रभ करून) नॉर्मल आलं तर हेपरिन शिल्लक आहे, प्रोटामिन (हेपरिनचा उतारा) बघा.

ही यंत्रंही नाटकं करतात. टेबल हललं की जुन्या टीईजीचा आलेख थरथरतो, कोणी शेजारी कोपर टेकवलं तरी. सायट्रेटचा नमुना असेल तर ०.२ मोलरचं कॅल्शियम क्लोराइड २० मायक्रोलिटर कपात आधी टाकावं लागतं. ते विसरलं की रेघ सरळच जाते आणि सर्जन घाबरतात. हेपरिनच्या लाइनमधून रक्त काढलं तर नळीत मावतं त्याच्या दोन-तीन पट आधी काढून बाजूला करायचं. आणि फॉन विलेब्रँड किंवा ॲस्पिरिनचा परिणाम साध्या टीईजीत दिसत नाही, हे कायम लक्षात ठेवायचं.

खानापूरच्या टॉन्सिलला यातलं काहीही नको.

---

खानापूर_ओटी

सगळ्यांचे आभार. @निळं_झाकण, तुम्ही बरोबर धरलंत. ट्यूब पाऊणच भरली होती, आईसपॅकवर गेली होती, नऊला काढलेलं रक्त दोन वाजता पोचलं. मुलाला बेळगावला पाठवून तिथेच नवीन नमुना दिला, ट्यूब खुणेपर्यंत भरून. एपीटीटी ४३, कंट्रोल ३०. पीटी नॉर्मल. लॅबने त्यात नॉर्मल प्लाझ्मा निम्मं-निम्मं मिसळून केलं तर ४१. इतिहासाची यादी पूर्ण विचारली: काहीच नाही, नात्यातलं लग्न नाही, मामा ठणठणीत. तीन आठवड्यांपूर्वी ताप-सर्दी झाली होती. आता?

---

पॅथ_टिळकवाडी (पॅथॉलॉजिस्ट)

नमुना बरोबर आणि तरी वाढलेला, म्हणजे आता मुलाकडे बघायची वेळ. मिसळून केल्यावर ४३ चा ४१ झाला, म्हणजे सुधारला नाही. फॅक्टर कमी असता तर नॉर्मल प्लाझ्माने ती उणीव भरली असती आणि आकडा तिशीकडे सरकला असता. सुधारत नाही म्हणजे रक्तात काहीतरी आडवं येतंय. लहान मुलांत टॉन्सिलआधी असं सापडलं, आधी व्हायरल ताप होता, तर बहुतेक वेळा ते ल्युपस अँटिकोॲग्युलंट (तपासणीत आडवी येणारी अँटिबॉडी) असतं. नाव भीतीदायक आहे, पण अशा मुलांत ते सहसा आपोआप जातं आणि त्याने रक्तस्राव होत नाही. खात्रीसाठी डीआरव्हीव्हीटी (ल्युपस ओळखायची तपासणी) आणि बारा आठवड्यांनी पुन्हा एपीटीटी.

तीन गोष्टी बघूनच निर्णय घ्या. एक, मिसळलेला प्लाझ्मा ३७ अंशाला दोन तास ठेवून परत केला का? फॅक्टर ८ विरुद्धचा इनहिबिटर (फॅक्टर निकामी करणारी अँटिबॉडी) लगेच दिसत नाही, वेळाने दिसतो. मुलांत विरळा, पण तो असला तर ऑपरेशन टेबलावर कळणं परवडणार नाही. दोन, फॅक्टर ८ ची पातळी एकदा करून घ्या. ल्युपस असला की ती तपासणीही खोटी कमी दाखवू शकते, म्हणून प्लाझ्मा पातळ करत दोन-तीन पायऱ्यांत करा असं लॅबला सांगा. तीन, पीटी. तुमचा नॉर्मल आहे हे चांगलं. ल्युपसबरोबर पीटीही लांबला तर प्रोथ्रॉम्बिन (ज्यातून थ्रॉम्बिन बनतं ते) कमी झालेलं असू शकतं, आणि ते मूल खरोखर वाहतं.

टॉन्सिल तातडीचं नसेल, झोपेत श्वास अडकत नसेल, तर थांबायला काय हरकत आहे? अडकत असेल तर वरच्या गोष्टी नॉर्मल आल्यावर रक्तपेढी जवळ असलेल्या ठिकाणी करा.

आणखी एक. कंट्रोल ३० म्हणजे ‘नॉर्मल मर्यादा’ नव्हे, ती त्या दिवशीच्या एका प्लाझ्माची वेळ. लॅबकडे त्यांच्या रीएजंटची मर्यादा मागा, तीही वयाप्रमाणे. तान्ह्या बाळाचा एपीटीटी सहा महिन्यांपर्यंत मोठ्यांपेक्षा लांबच असतो, कारण व्हिटॅमिन के वर चालणारे फॅक्टर आणि संपर्क फॅक्टर (काचेसारख्या पृष्ठभागाला लागून जागे होणारे) जन्मतः कमी असतात. दोन महिन्यांच्या हर्नियाच्या बाळाला मोठ्या माणसाची मर्यादा लावून प्लाझ्मा देणं चूक. त्याउलट फॅक्टर ८ जन्मतःच मोठ्यांएवढा असतो, म्हणून हिमोफिलिया ए नाळेच्या रक्तातही ओळखता येतो. सौम्य हिमोफिलिया बी (फॅक्टर ९ चा) मात्र सहा महिन्यांआधी पक्का सांगू नये.

घरी बाळंतपण झालेलं बाळ असेल तर जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं १ मिलिग्रॅमचं इंजेक्शन मिळालं का ते आधी विचारा. कावीळ आणि पांढरी शी असलेल्या बाळाचा पीटी वाढलेला असेल तर के देऊन सहा ते बारा तासांनी परत करा. उतरला तर यकृत अजून काम करतंय.

---

निळं_झाकण

खानापुरातच प्लाझ्मा वेगळा करून पाठवायचा विचार असेल तर सेंट्रिफ्यूजचा हिशेब देऊन ठेवतो, लोक इथे फसतात. १५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट जोर) वर १५ मिनिटं फिरवायचं. ‘३००० वर फिरवा’ हे तोंडी चालत आलेलं आहे, पण तो आकडा फेऱ्यांचा आहे आणि मशीनच्या त्रिज्येवर अवलंबून आहे. रोटरच्या मध्यापासून ट्यूबच्या तळापर्यंत पट्टीने मोजा. १५ सेंमी असेल तर मिनिटाला सुमारे ३००० फेऱ्यांत १५०० जी होतात. छोट्या टेबलावरच्या मशीनमध्ये १० सेंमीच असेल तर ३६५० च्या आसपास लागतात. कमी फिरलं की प्लेटलेट प्लाझ्मात राहतात आणि नेमकं ल्युपसच झाकलं जातं. प्लाझ्मात प्लेटलेट मायक्रोलिटरला १०,००० च्या खाली हव्यात.

प्लाझ्मा प्लास्टिकच्या पिपेटने वरून काढा, पांढऱ्या थराच्या वर अर्धा सेंमी सोडून द्या, लोभ करू नका. प्लास्टिकच्याच नळीत भरा, काचेच्या नको.

आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) ५५ च्या वर असलेलं मूल, जन्मजात हृदयविकाराने निळं पडणारं, आलं तर नेहमीची ट्यूब चालत नाही. त्याच्या रक्तात प्लाझ्माच कमी, सायट्रेट मात्र तेवढंच, म्हणून एपीटीटी खोटा लांबतो. लागणारं सायट्रेट मिलीत = ०.००१८५ × (१०० − हिमॅटोक्रिट) × रक्त मिलीत. हिमॅटोक्रिट ६० आणि रक्त २.७ मिली असेल तर ०.२ मिली. म्हणजे ट्यूबमधल्या ०.३ मधून ०.१ मिली आधी इन्सुलिनच्या सिरिंजने काढून टाकायचं. झाकण उघडलं की आतला व्हॅक्यूम जातो, तेव्हा रक्त सिरिंजने मोजूनच घाला, आणि ट्यूबवर ‘सायट्रेट कमी केलंय, हिमॅटोक्रिट ६०’ असं मार्करने लिहा. नाहीतर लॅबवाला ट्यूब कमी भरली म्हणून परत पाठवेल.